पट्टी न उतरवणारा भाऊ

अख्ख्या नागपुरात एकट्याने गाणाऱ्या माणसाच्या पाठीशी कोणी खंबीरपणे उभं असेल, तर तो माझा मावसभाऊ, आणि तेही तिथे हजर न राहता. हळद असो की कोणाच्या निवृत्तीचा सत्कार, गायक समोर एकटा असतो; मागून वाजणारी ढोलकी, पेटी, बासरी दादाने आपल्या घरच्या खोलीत एकेक वाजवून ट्रॅकमध्ये भरून दिलेली असते. दिवसा तो मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करतो. ती फक्त नवे माइक घेता यावेत म्हणून, असं वहिनी म्हणते.

रेकॉर्डिंग म्हटलं की घरातला कूलर बंद. तोही मे महिन्यात, नागपुरात! भिंतींना गाद्या टेकवलेल्या, खिडक्यांवर गोधड्या, आणि आत दादा बनियनवर घामाघूम होऊन ढोलकी वाजवतोय. कुकर लावायचा नाही, दाराच्या बेलची वायर तर त्याने केव्हाच उपटून ठेवलीय. एकदा गाणं सुरेख जमून आलं आणि शेवटच्या ओळीत भाजीवाल्याचं ‘सांभार घ्या, सांभार!’ शिरलं. दादाने आधी सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी घेतली, मग गाणं पहिल्यापासून वाजवलं. प्रत्येक कडव्यानंतर तो थोडी जागा रिकामी सोडतो. “आपल्याकडं टाळ्या उशिरा येते वं. लोकायच्या तोंडात पोहे राहते,” तो मला समजावतो.

एका बाबतीत मात्र तो कोणाचं ऐकत नाही. कोणाचा गळा वर पोहोचत नसला, तर बाकीचे लोक संगणकावर दोन मिनिटांत गाण्याची पट्टी खाली आणून देतात. दादाने एका नवरदेवाच्या हौशी काकांना दारातूनच परत पाठवलं. “रियाज करा, काका. मी पट्टी नाही उतरवत.”

मी वर्षानुवर्षं त्याच्याच ट्रॅकवर गात आले, काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीवरच्या पाचव्या काळ्या पट्टीत. मागच्या वर्षी धंतोलीतल्या एका दवाखान्यात माझ्या घशाची शस्त्रक्रिया झाली. चार महिने गप्प बसून गायला तोंड उघडलं, तर वरचा सूर लागेचना. संपलं आपलं गाणं, असं वाटून मी खूप रडले. दादा आला, माझं गुणगुणणं ऐकलं आणि घरी गेला. आठवड्याने माझ्या आवडत्या गाण्याचा नवा ट्रॅक आला. नाव लिहिलेलं, ‘काळी पाच’. “याच्यावर गाऊन पाह्य. आवाज कुठी नाही गेला तुहा.”

गायले, आणि वरचा सूर अलगद लागला! खाप्याला एका हळदीत तर लोकांनी पोहे बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या.

घरी येऊन मी हौसेने पेटी काढली आणि ट्रॅकशी सूर जुळवू लागले. काळी पाच जुळेना. जुळली ती काळी चार, दोन सूर खालची. जन्मात कोणासाठी पट्टी न उतरवणाऱ्या माणसाने माझ्यासाठी अख्खं गाणं खाली वाजवलं होतं, आणि वर नाव चक्क खोटं लिहिलं होतं. मी त्याला काही बोलले नाही.

दिवाळीनंतर तोच ट्रॅक पुन्हा आला. “ढोलकी बरोबर नव्हती वं, बदलवून देल्ली.” मी त्यावर महिनाभर गायले आणि मग पेटी काढली. पांढरी सहा! म्हणजे मला कळू न देता त्याने मला एक सूर वर चढवलं होतं. असा भाऊ असल्याचा मला इतका अभिमान वाटला की पेटीवरच डोकं टेकून बसले.

काळी पाच अजून एक सूर वर आहे. तिथवर माझा गळा जाईल की नाही, देव जाणे. पण परवा वहिनीचा फोन आला. “ताई, यायनं पुन्हा कूलर बंद करून ठेवला. काहून, तर सांगत नाही.”

मला माहीत होतं. मीही सांगितलं नाही.