चौदाव्या प्रश्नाचं उत्तर

२००४ साली अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातल्या आमच्या मराठी मंडळाने पाडव्याच्या कार्यक्रमात मुलांची प्रश्नमंजूषा ठेवली होती. प्रश्न काढायचे आणि विचारायचे काम एका नागपूरच्या इंजिनिअरकडे होते. मुलं त्यांना क्विझकाका म्हणत. प्रश्न तपासणे आणि गुण लिहिणे माझ्याकडे. चार संघ, चाळीस प्रश्न, प्रत्येकाला दहा गुण. मी दोनदा मोजले. एका संघाला इतिहास जास्त आणि दुसऱ्याला क्रिकेट जास्त असे होऊ नये म्हणून तक्ताही केला. उत्तरे मात्र वाचली नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे.

चौदावा प्रश्न होता, येशू ख्रिस्ताला क्रूसावर कोणी चढवलं? पाळी बारा वर्षांच्या एका मुलीची होती.

"द रोमन्स," ती म्हणाली.

क्विझकाकांनी कागद पाहिला. "चूक! ज्यू लोकांनी. स्वतःच्याच माणसाला मारलं, बघा."

"नो काका, दॅट्स नॉट ट्रू. आणि वी आर ज्युइश."

हॉल हसला. शंभर-सव्वाशे माणसे मोकळेपणाने हसली. "अगं, तू तर अलिबागची!" क्विझकाका माइकवरून म्हणाले. "तुझ्या आईच्या हातचं श्रीखंड खायचंय आम्हाला आज. चला, पंधरावा प्रश्न."

मागच्या टेबलावर तिची आई वाट्यांत श्रीखंड वाढत होती. तिचा हात थांबला. मी तक्त्यात त्या मुलीच्या संघापुढे शून्य लिहिले.

ते कुटुंब बेने इस्रायली. म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आडनाव गावावरून पडलेले, घरात बोलणे आमच्यापेक्षा शुद्ध मराठी. सहा वर्षे ते मंडळात होते आणि आमच्यापैकी एकालाही हे ठाऊक नव्हते, कारण मराठी बोलणारा माणूस हिंदूशिवाय दुसरा कोण असणार, हे आम्ही मनाशी ठरवूनच टाकलेले. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा, पाळायचा दिवस, म्हणून शनिवारच्या कार्यक्रमांना ते कधी येत नसत. नवऱ्याची शनिवारी शिफ्ट असेल, असा हिशेब मीच मांडला होता.

चाळीस प्रश्न संपून जेवणाची सुट्टी झाली तसा मी क्विझकाकांना गाठले. "हे उत्तर आणलंत कुठून?"

"अरे यार, सगळ्यांना माहीत आहे. माझ्या कारपूलमधले गोरे सांगत होते. तेच ख्रिश्चन, त्यांना माहीत नसणार का?"

"क्रूसावर चढवणं ही शिक्षा कोणाची होती?"

"ते काही आपण बघितलं नाही बुवा."

"रोमची. सुभेदार रोमचा, हुकूम त्याचा, खिळे ठोकणारे शिपाई त्याचे."

"पण पकडून कोणी दिलं? क्रूसावर चढवा म्हणून ज्यूंची गर्दीच ओरडत होती ना?"

मी नगरच्या मिशन शाळेत शिकलो. ही कथा मला पाठ आहे, म्हणून माझा राग दुप्पट होता आणि त्यातला निम्मा माझ्यावर होता. म्हटले, ज्यूंच्या मंदिरातल्या काही पुजाऱ्यांचा हात होता असे जुने वृत्तांत सांगतात, ते सोडून देत नाही. पण मुख्य पुजारी नेमणे आणि काढणे रोमच्याच हातात होते. आणि गर्दी म्हणजे किती? सुभेदाराच्या अंगणात मावेल तेवढी. त्या काळी ज्यू कितीतरी देशांत पसरलेले होते, त्यातल्या बहुतेकांनी येशूचे नावही ऐकले नसेल. अंगणातल्या मूठभरांचा गुन्हा दोन हजार वर्षांनी या पोरीच्या अंगावर कोणत्या नियमाने येतो?

तेवढ्यात अध्यक्ष ताट घेऊन आले. "निकाल बदलतोय का?"

"नाही. त्यांचा संघ तीस गुणांनी मागे आहे. दहा दिले तरी तिसराच."

"मग कशाला? लोक जेवतायत. नंतर ईमेल टाकू."

बेरीज माझ्याकडे होती, निकाल बदलत नाही हे मला त्यांच्या आधी कळले होते. बक्षिसाचा संबंधच नव्हता. शंभर माणसांसमोर त्या मुलीला खोटे ठरवले होते, ते त्याच शंभर माणसांसमोर मागे घ्यायला हवे होते. एवढी साधी गोष्ट दोन शिकल्यासवरल्या माणसांच्या डोक्यात शिरत नव्हती.

मी तिच्या आईकडे गेलो. "चूक आमची आहे," म्हटले.

"अहो, आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, येशू जन्मायच्या आधीच आमच्या पूर्वजांचं गलबत कोकणात फुटलं," ती वाट्या पुसत म्हणाली. "तेव्हा आम्ही तेलाचे घाणे फिरवत होतो. तुमच्या क्विझकाकांना साक्षीदार हवा असेल तर घाण्याचा बैल हजर करते."

मी हसलो. ती हसली नाही.

"पण हा पुरावा मी का द्यायचा? ईस्टर आला की हिला शाळेत हेच ऐकावं लागतं. इथे आपली माणसं आहेत म्हणून घेऊन येते मी हिला."

मी स्टेजवर गेलो. माइक बंद करून ठेवला होता, म्हणून ओरडून सांगितले की चौदाव्या प्रश्नाचे कागदावरचे उत्तर चुकीचे आहे. शिक्षा रोमन सुभेदाराने दिली, रोमन शिपायांनी अमलात आणली. मुलीचे उत्तर बरोबर आहे आणि कागद न वाचता पास करणारा मी आहे. पुढच्या दोन रांगांनी ऐकले. मागे पुऱ्या संपल्याची तक्रार चालू होती. क्विझकाका ताटात बघत राहिले. मुलगी मात्र स्टेजपाशी आली. "काका, शीटवर पण बदला." मी शून्य खोडून दहा लिहिले आणि बाजूला सही केली. ती बेरीज होईपर्यंत तिथेच उभी राहिली.

मंगळवारी मंडळाची ईमेल आली. यापुढे प्रश्नमंजूषेत धार्मिक, वादग्रस्त प्रश्न टाळावेत असे कमिटीने ठरवले होते. चुकीचे उत्तर, ती मुलगी, तिची आई, यांच्याबद्दल एक ओळ नाही. जणू प्रश्न विचारणेच चूक होते, आणि बरोबर उत्तर देणारी त्या वादाचे कारण. मी सगळ्यांना उत्तर पाठवले की प्रश्न धार्मिक नव्हता, कोणाच्या हुकमाने माणूस मारला गेला याचा होता, आणि त्याला उत्तर आहे. मंडळाने त्या कुटुंबाची लेखी माफी मागावी.

अध्यक्षांनी फोन करून मला जरा शांत व्हायला सांगितले. माफी गेली नाही. पुढच्या पाडव्याला ते कुटुंब आले नाही, आणि गुण लिहायला मीही गेलो नाही.