मुलाणी सर आणि न सापडलेली जनुकं

गेल्या महिन्यात मुलाणी सरांच्या मुलीचा, रुबीनाचा फोन आला. "अब्बा सकाळी गेले," एवढंच म्हणाली. मी धायरीच्या घरी भाजी निवडत होते. फोन ठेवून तशीच निवडत राहिले…

मी अकोल्याहून पुण्यात शिकायला आले तेव्हा सरांनी मला संख्याशास्त्र शिकवलं. विद्यार्थ्यांनाही ते अहो-जाहो करत, आणि त्याच सुरात टोचतही. पुढे मला आयटी कंपनीत नोकरी लागली. तिथे परदेशी संशोधकांसाठी सहा रुग्ण आणि सहा निरोगी माणसं यांच्या रक्तात हजारो जनुकं किती सक्रिय आहेत, त्याचे आकडे ताडून पाहायचे होते. माझ्या चाचणीत शेकडो जनुकं वेगळी ठरली. साहेब खूश झाले. अहवाल पाठवण्याआधी ती यादी मी मोठ्या ऐटीत सरांच्या शनिवार पेठेतल्या घरी नेली.

एकूण किती तपासली, एवढंच त्यांनी विचारलं. मी सांगितलं. इतकी तपासल्यावर शेकडो तर नुसत्या योगायोगानेही निघतील, ते म्हणाले. शिवाय एखाद्याच रुग्णाचा भलामोठा आकडा सगळी सरासरी ओढून नेत होता. मूळ आकडे सोडून फक्त लहान-मोठा क्रम लावा, मग 'रुग्ण' आणि 'निरोगी' या चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा अदलाबदल करून मोजा, असं त्यांनी सुचवलं. दोन दिवस मी तेच केलं. चुकीच्या चिठ्ठ्या लावूनही जवळपास तेवढीच जनुकं निघाली. योगायोगाचा वाटा वगळल्यावर एकही उरलं नाही.

"मग आता लिहू काय?" मी विचारलं.

"अहो, बारा माणसांचे क्रम लावून लावून किती लावणार? हजारो प्रश्नांना पुरेल एवढा पुरावा त्यांच्यात नाहीच. जास्त माणसं मागा. आणि काही सापडलं नाही, असं लिहा."

तसं लिहिलं. साहेबांनी मला त्या कामावरून काढलं. वर्षभर मी दुसऱ्यांचे प्रोग्रॅम तपासत बसले. सर दर रविवारी बोलवत, चहा देत. पुढे परदेशातून पुष्कळ माणसांच्या रक्ताचे नवे नमुने आले, तेव्हा साहेबांनीच मला परत बोलावलं. या वेळी चार जनुकं टिकली. आज या कामात लोक मला ओळखतात ते त्या चारांमुळे.

परवा रुबीनाला भेटायला गेले. सरांच्या टेबलावर एका संशोधक मुलीचा प्रबंध होता, त्यांच्याकडे वाचायला आलेला. शेवटच्या पानावर पेन्सिलीने, सरांच्या अक्षरात लिहिलं होतं : 'नमुने कमी पडले, हे आपण लपवलं नाहीत. आभारी आहे.'

ती पानं मी त्या मुलीला स्वतः नेऊन दिली.