दिगूच्या गाठीतले मतभेद

विषय : श्री. दिगंबर, निवृत्त हेडक्लार्क, यांच्या यकृतातील कॅन्सरच्या गाठीबाबत.
संदर्भ : दांडिया बाजारात चहावर वेळोवेळी झालेली तोंडी चर्चा.

उपरोक्त विषयी सादर की, दिगू, शशी आणि मी एकाच कचेरीतून निवृत्त झालो. कारकुनांचे किस्से धुळीसारखे. कोणी जमवत नाही, पण साठतात. आजारपणात तर जास्तच!

*

डॉक्टरीणबाई गुजराती, पण आमच्यासाठी मराठी बोलतात. म्हणाल्या, "काका, गाठ एक छे, पण आतल्या पेशी सारख्या नाहीत. काही जागेवरच वाढतात. काही सुटतात, रक्तातून जाऊन दुसरीकडे बसतात. पसरायची भीती त्यांची."

दिगूने वहीत सगळे उतरवून घेतले आणि विचारले, "यांच्यात सिनियर कोण?"

*

शशीला पटेना. "एकाच लिव्हरच्या पेशी, मग वेगळ्या कशा?"

मी म्हटले, "एकाच परीक्षेतून आपण बारा जण लागलो. त्यातल्या दोघांनी राजकोटला जाऊन युनियन काढली, आणि तू जन्मभर खिडकीपाशी!"

दिगू म्हणाला, "माझ्या गाठीत सगळे शशीसारखे असते तर बरं झालं असतं रे."

शशीला रागवावे की आभार मानावेत ते कळेना. मलाही कळले नाही.

*

औषधाने गाठ लहान झाली. दिगूकडे वहिनींनी पेढे वाटले. पुढच्या स्कॅनमध्ये तीच गाठ एका कडेने वाढलेली!

बाई म्हणाल्या, "ज्यांना औषध लागू पडलं त्या पेशी गेल्या. ज्यांना नाही पडलं, त्यांना आता जागा मोकळी."

"मग मी पेढे कोणाच्या जाण्याचे वाटले?" वहिनींनी विचारले.

बाई फाईल चाळू लागल्या.

*

कडेचा तुकडा काढून तपासला. सुरुवातीला काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट बऱ्यापैकी शांत होता. हा पसरणाऱ्या पेशींचा. दुसरे औषध लवकर सुरू करायला हवे, आणि त्याला पेन्शनरांच्या आरोग्य कचेरीची मंजुरी हवी. बाईंनी बजावले, "फक्त नवा रिपोर्ट जोडा."

पण अपुरे कागद लावणे आमच्या रक्तात नाही. तिघांनी बसून अर्ज लिहिला, दोन्ही रिपोर्ट जोडले, पानांना नंबर घातले, यादी केली.

खिडकीतला कारकून म्हणाला, "काका, माणूस एक आणि रिपोर्ट जुदा-जुदा? यातला साचो कोणता?"

"दोन्ही."

"असं नाही चालत. एक काढून घ्या ने!"

दिगू ताठ झाला. "फाईलला लागलेला कागद काढता येत नाही."

इतका शुद्ध नियम त्या कारकुनाने बहुधा पहिल्यांदाच ऐकला. त्याने अर्ज आत पाठवला.

*

आठवड्याने शेरा आला : 'दोन्ही तुकडे एकाच अर्जदाराचे असल्यास अहवाल भिन्न का, याचा खुलासा अर्जदाराने स्वतः करावा.'

दिगूने तो दोनदा वाचला. "ड्राफ्टिंग चांगलं आहे," म्हणाला. वजन उतरून शर्ट आता त्याच्या अंगावर टांगल्यासारखा दिसतो. बाही सावरत त्याने तिथेच कचेरीतल्या बाकावर खुलासा लिहिला :

'सविनय सादर की, सदर पेशींनी भिन्न वागण्यापूर्वी अर्जदाराची परवानगी घेतलेली नाही.'

खाली सही, तारीख.

शशी मोठ्याने हसला आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसला.

खुलासा दाखल केला. पोच मिळाली. अर्ज प्रलंबित आहे.