मोज्यांच्या वेगाने हजामत

आमच्या हार्पर गॅपमधली मोज्यांची गिरणी होंडुरासला गेली तेव्हा व्हर्लीन टिपेट चोपन्न वर्षांची होती. गिरणी गेली म्हणजे यंत्रं गेली. भिंती, पाण्याची टाकी आणि आम्ही इथेच राहिलो. काम परदेशी गेल्यामुळे नोकरी सुटली, तर आमचं सरकार नवं काम शिकायची फी भरतं आणि शिकत असाल तोवर घर चालेल एवढा भत्ता देतं. त्यामुळे त्या वर्षी अर्धं गाव उतारवयात कॉलेजकुमार झालं. मी एसी दुरुस्तीला बसलो. व्हर्लीनला भत्त्याच्या कचेरीतल्या मुलीने विचारलं, "तुम्हाला काय शिकायला आवडेल?" असा प्रश्न तिला जन्मात कुणी विचारला नव्हता. ती म्हणाली, "पुरुषांची हजामत. तीन भाऊ आणि एक नवरा, माझ्यासमोर कधी गप्प बसले नाहीत. मानेवर वस्तरा असला की बसतील."

हजामत शिकवायला रूफस जेन्ट्री होते. मेन स्ट्रीटवर त्यांचं जुनं दुकान. गुडघे गेलेले. त्यांनी पहिल्याच महिन्यात तिला सांगितलं, "मिस व्हर्लीन, लायसन्स आणा आणि माझ्या खुर्चीमागे उभ्या राहा. मी कोपऱ्यात बसून पेपर वाचेन." ती खुर्ची नाही मिळाली तर गावात उरला होता फक्त कोंबड्या कापायचा कारखाना.

अडचण एकच होती: हात. व्हर्लीनने उभा जन्म मोज्यांची टोकं शिवली होती, तीही नगावर. हात थांबला की मजुरी थांबली. दर गुरुवारी कॉलेजात गावातल्या म्हाताऱ्यांची फुकट हजामत असायची. एकदा एकजण खुर्चीत टेकला, तळ्यावरच्या माशाची गोष्ट सुरू केली, आणि हिने अंगावरचं कापड झटकलं.

"झालं?"

"झालं."

"अगं बाई, मासा अजून गळाला लागायचाय."

जेन्ट्री म्हणाले, "केस घरी बायकोसुद्धा कापते. माणूस दुकानात येतो तो बसायला."

"मला कळतं, मिस्टर रूफस. हातांना कळत नाही."

तिने चर्चमधलं संथ भजन गुणगुणत कापून पाहिलं, तर भजनच धावायला लागलं. लायसन्सच्या परीक्षेत बाकीचे टॉवेल मांडत होते तेव्हा ही कापून मोकळी. मानेची कागदी पट्टी राहिली, कंगवा जंतू मारायच्या औषधात बुडवायचा राहिला. शेरा मिळाला: घाई. नापास. पुढची परीक्षा ऑगस्टमध्ये, आणि भत्ताही ऑगस्टमध्येच संपणार होता. त्यापुढे कोंबड्या.

अशा एका गुरुवारी ओडेल क्रम्प आला. ओडेल आमच्या गिरणीतला घड्याळवाला. हातात स्टॉपवॉच घेऊन बायकांच्या पाठीशी उभं राहायचं आणि कुणाला दिवसाचा किती कोटा लावायचा ते ठरवायचं, हे त्याचं काम. गिरणीबरोबर त्याचीही नोकरी गेली होती. तो खुर्चीत बसला. मी पुढचा नंबर लावून बसलो होतो, म्हणून सांगतो, व्हर्लीनचे हात बदलले. कात्री लोण्यातून फिरावी तशी संथ फिरू लागली. कंगवा औषधात गेला, पट्टी मानेला लागली, टॉवेलची घडीसुद्धा सुबक पडली. ओडेलच्या आजीच्या लग्नापासून त्याच्या पाठदुखीपर्यंतची कहाणी पूर्ण झाली. जेन्ट्री चष्मा पुसून बघत राहिले.

यातलं गुपित आम्हा गिरणीवाल्यांना ठाऊक होतं. ओडेल मागे उभा राहिला की एकूण एक बाई सावकाश व्हायची. खरा वेग त्याला दिसला तर कोटा वाढायचा आणि नगाचा दर उतरायचा. आळस दिसू न देता हळू काम करणं ही कला आहे, आणि व्हर्लीनने वीस वर्षं ओडेलपुढेच तिचा रियाज केला होता.

परीक्षेत केस कापायला लागणारं डोकं ज्याचं त्याने सोबत आणायचं असतं. तिने विचारलं, "मिस्टर ओडेल, ऑगस्टमध्ये डोकं देता का?"

"घ्या की. गिरणीने तेवढंच सोडलंय."

परीक्षेसाठी आम्ही तिघं राजधानीला माझ्या गाडीतून गेलो. सोबत लिव्हरमशची, म्हणजे डुकराच्या कलेजीच्या वडीची, सँडविचं होती; घाबरल्यामुळे ती मीच खाल्ली. व्हर्लीन पास झाली, वर परीक्षकाने 'संयमी हात' म्हणून कौतुक केलं. परतताना त्या आनंदात तिने ओडेलला सगळं गुपित सांगून टाकलं.

डोंगर लागल्यावर तो म्हणाला, "सगळ्या?"

"सगळ्या."

"इर्मासुद्धा? ती माझ्या बायकोची सख्खी बहीण आहे."

"तिनेच तर मला शिकवलं."

शनिवारी जेन्ट्रींच्या दुकानात व्हर्लीन खुर्चीमागे उभी राहिली, तेव्हा पहिलं गिऱ्हाईक ओडेलच. "तुमचा खरा वेग मला एकदा बघायचाय," तो म्हणाला. तिने कोपऱ्यात पाहिलं. जेन्ट्रींनी पेपर तोंडापुढे धरला.

त्यांनी पान उलटायच्या आत काम झालं होतं.

ओडेल बराच वेळ आरशात बघत राहिला, केसांकडे नव्हे, तिच्या हातांकडे. "मी तुम्हाला दुप्पट कोटा लावला असता."

"म्हणून तर."

तो असा हसला की कापडावरचे केस जेन्ट्रींच्या कॉफीत पडले. मग पाठ टेकून म्हणाला, "आता नेहमीसारखे कापा."

"कापायला उरलंय काय?"

"मग नुसती कात्री वाजवत राहा. मला इर्माबद्दल बोलायचंय."