कशामुळे मॅडम

आमच्या प्रथम वर्षाच्या समाजशास्त्राच्या मॅडमना काहीही उत्तर द्या, त्या चष्मा कपाळावर चढवून विचारायच्या, "कशामुळे?" परळच्या त्या कॉलेजात त्यांचं नावच पडलं होतं, कशामुळे मॅडम.

इतर वर्गांत समाजसेवेचे तास भरले की सही मिळे. मॅडमकडे अहवालात 'मदत' शब्द दिसला की लाल पेन्सिलीची खूण. "आधी जाऊन ऐकायचं. शिकवायचं नंतर, तेही कुणी विचारलं तर!"

आम्ही माना डोलावल्या आणि विसरलो. आमच्या गटाने साबणाच्या वड्या घेतल्या आणि हात धुण्याचे धडे द्यायला लालबागची एक चाळ निवडली. ती नेमकी माझी. वर्गात मी 'दादरला राहते' अशी थाप मारून ठेवली होती. आता खरं बोलायला हवं होतं, पण मी साबणाच्या वड्या पिशवीत भरत राहिले.

पहिल्या मजल्यावर आमचंच दार उघडं. आई मसाल्याच्या मिरच्यांचे देठ खुडत होती. तिने माझा चेहरा वाचला आणि परक्यासारखी म्हणाली, "या पोरांनो, बसा." हात कसे धुवावेत हे तिने माझ्या मैत्रिणीकडून निमूट ऐकलं, वर सगळ्यांना चहा दिला. निघताना साबणाची वडी मीच तिच्या हातात ठेवली. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

अहवालात मी लिहिलं, 'त्या लोकांना स्वच्छतेचं महत्त्व पटलं.' मॅडमनी मला थांबवून घेतलं. "ते लोक म्हणजे कोण गं?" मी रडत सगळं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. "घर लपवावंसं वाटलं. कशामुळे? शोध. आणि आईंना विचार, आमच्या वर्गावर येतील का?"

आई आली, इस्त्रीची साडी नेसून. मॅडमनी तिला आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः पहिल्या बाकावर वही उघडून बसल्या. "साबण आसा आमच्याकडे," आई म्हणाली. "नळाक पाणी कित्याक येणा नाय, ता जाऊन इचारा!" मॅडम खूश. "बघा, कशामुळे विचारणारी मी एकटी नाही!" पुढचे दोन महिने अख्खा वर्ग वॉर्ड ऑफिसात खेटे घालत होता.

मॅडम गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. त्यांचा तो विषय आता मी शिकवते. या वर्षीचा पहिला गट घेऊन मी आमच्याच चाळीत गेले. आईने दार उघडलं आणि सवयीने माझा चेहरा वाचू लागली. ती काही बोलायच्या आत मी मुलांना म्हणाले, "ही माझी आई."