सिस्टरांच्या शाळेतला वेगळा तास

दिंद्रुडच्या विठ्ठलरावांना एका जागी बसवत नसे. एके काळचे सरपंच, मग सोसायटीचे चेअरमन, सध्या कशाचेच कोणी नाहीत. तरी लग्नात पहिला सत्कार त्यांचाच होई आणि टोपी-टॉवेल घेऊन दुसऱ्याचं नाव पुकारलं जायच्या आत ते मांडवाबाहेर असत. शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीपर्यंत. पुढचं शिक्षण बाजार समितीत. तिथे ते एवढं शिकले की उघड्यावर वाटतात तो उरलासुरला माल असतो, खरं वाटप आतल्या खोलीत होतं. या सिद्धांतानं त्यांना आजवर दगा दिला नव्हता.

नात तेजश्री तालुक्याच्या गावी कॅथलिक सिस्टरांच्या शाळेत सातवीत होती. एकदा जेवताना त्यांनी सहज विचारलं की तिथे शिकवतात तरी काय. तिनं मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान, कॉम्प्युटर असं घडाघडा सांगितलं, आणि मंगळवारी मूल्यशिक्षण.

"त्या तासाला सात पोरं उठून जातेत, चॅपलशेजारच्या खोलीत. त्यांचं वेगळं असतंय."

"वेगळं म्हंजे?"

"काय माहीत."

विठ्ठलरावांचा घास हातातच राहिला. चाळीस पोरांना बाहेर मूल्यशिक्षण आणि सातांना आत काहीतरी वेगळं. हे वाटप त्यांच्या ओळखीचं होतं.

पुढचे काही दिवस ते ओसरीवर येरझारा घालत होते. चहा निवायचा, फोन या हातातून त्या हातात जायचा. शेवटी नातीला त्या खोलीत बसवायचंच, असं ठरवून त्यांनी गाडी काढायला सांगितली. ड्रायव्हर हनुमान वीस वर्षं त्यांच्याबरोबर होता, त्यामुळे त्याला मत द्यायचा अधिकार होता.

"आबा, लोक पोरगी बाटंल म्हणून भेतेत. तुमी तिला आत घुसवायलाव."

"तुला काय कळतंय बे? गाडी काढ."

मुख्याध्यापिका सिस्टर रोझलिन यांनी शांतपणे समजावलं की तो धर्मशिक्षणाचा तास आहे, कॅथलिक मुलांचा. बाकीच्या मुलांना त्यात बसवत नाहीत. विठ्ठलरावांनी मान डोलावली आणि जागा किती आहेत ते विचारलं. सिस्टर म्हणाल्या, जागा असं त्यात काही नसतं. विठ्ठलरावांच्या अनुभवात याचा अर्थ एवढाच होता की बोलणं अजून मुद्द्यावर आलेलं नाही. म्हणून त्यांनी शाळेला पाण्याचा कूलर देऊ केला. सिस्टरांनी कूलर आनंदानं घेऊ म्हटलं, पावतीही देऊ म्हटलं, आणि वर्गाबद्दलचं उत्तर होतं तेच ठेवलं. मग घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "आज मंगळवारच आहे. तुम्हीच येऊन बसा ना."

खोलीत एक फळा, एक क्रूस आणि सात मुलं. मागच्या बाकावर विठ्ठलराव गुडघे छातीशी घेऊन बसले. मुलं प्रायश्चित्ताची तयारी करत होती. फादरांसमोर आपली चूक कशी सांगायची, हा धडा. शाळेत माळीकाम करणाऱ्या संगीताचा मुलगा अभिमन्यू उभा राहिला.

"मी आईशी खोटं बोललो, कारण ताईनं मला…"

"ताई राहू दे," सिस्टर म्हणाल्या. "दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. तुझं तेवढं सांग."

अभिमन्यूनं पुन्हा सुरुवात केली. ताईशिवाय त्याचं वाक्य फारच लहान झालं.

विठ्ठलरावांनी तीस वर्षांच्या राजकारणात अनेक चुका चारचौघांत मांडल्या होत्या. त्या सगळ्या विरोधकांच्या होत्या. तेवढ्यात सिस्टरांनी डोळे मिटून आपापली चूक आठवायला सांगितली. खोली गप्प झाली. विठ्ठलरावांचा पाय हलू लागला, पायाबरोबर बाक, बाकाबरोबर पुढच्या मुलीची कंपासपेटी. पेटी खाली पडल्यावर ते उठले आणि न वाजलेला फोन कानाला लावून व्हरांड्यात आले.

मधल्या सुट्टीत तेजश्री धावत आली. आत काय शिकवायलेत, हे तिनं विचारलं. त्यांनी सांगितलं.

"हाच धडा आमाला झाला की मागच्या आठवड्यात," ती म्हणाली. "फक्त देवाचं सोडून."

मग तिनं इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला.

"आबा, मला तिकडं घालू नका. वर्गात म्हणतेत, हिचा आजोबा हिला कुठंबी घुसवतो. पहिल्या बाकावर बी तुमीच बसवलं म्हणतेत."

पहिल्या बाकासाठी त्यांनीच जूनमध्ये फोन केला होता.

"कोण म्हणतंय?"

"नाव घ्यायचं नसतंय," तेजश्री म्हणाली, आणि घंटा व्हायच्या आत डबा खायला पळाली.

ऑफिसच्या दारात उभं राहूनच त्यांनी सिस्टरांना सांगितलं की पोरगी आहे त्याच वर्गात राहू द्या, आणि बाक उंचीप्रमाणे येईल तो द्या. कूलर मात्र पाठवतो. सिस्टरांनी पावती कोणाच्या नावे करू विचारलं, तोवर ते पायऱ्या उतरून गेले होते.

गाडी माजलगाव फाट्याला लागेपर्यंत त्यांनी काच दोनदा वर-खाली केली. हनुमान वाट बघत होता. काम झालं नाही की आबा एक नाव घेत, आणि पुढचे सहा महिने त्या नावाचा पंचनामा चाले.

"कोन आडवं आलं, आबा?"

"कोनी न्हाई. माझंच चुकलं."

हनुमाननं गाडी हळू केली, बाजूला घेतली आणि मागे वळून त्यांचा चेहरा नीट पाहिला.

"आबा, सकाळची गोळी घेतली का?"