डोंगरावर नेलेलं पान

बायको गेली त्याला या आश्विनात वर्ष झालं. मी सातवी शिकलेला माणूस. पुण्यात लेथवर जन्म गेला. दुःख कसं लिहितात ते मला ठाऊक नाही, जे झालं ते लिहितो.

ती गेली इथं, अमेरिकेत, बॉथेल गावी, मुलाच्या घरी, झोपेत. सकाळी चहाला हाक मारली तर उठली नाही. दहाव्याला आम्ही नदीकाठच्या पार्कात पिंड ठेवला. कावळे होते, रग्गड होते, झाडावर बसून ओरडत होते, पण खाली एकही उतरला नाही. लोक घड्याळं बघायला लागले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला आणि म्हणाले, "चालतं काका, इकडे असंच करतात."

मला नाही चाललं. सगळा जन्म माझ्याबरोबर काढलेल्या बाईला गवताच्या काडीने वाटेला लावायचं, याला काय अर्थ आहे? वर्षभर ते मनातून गेलं नाही.

म्हणून वर्षश्राद्धाला मी हट्ट धरला. जाण्याआधी थोडेच दिवस ती मुलाबरोबर एक डोंगर चढून आली होती. इथून गाडीने दूर, जंगलातला कच्चा रस्ता संपतो तिथून वर. माथ्याच्या जरा खाली एक सपाट दगड आहे. त्यावर बूट काढून बसलेला तिचा फोटो मुलाच्या फोनमध्ये आहे. घरी आल्यावर पाय शेकत मला म्हणाली होती, "अहो, तिथं बसलं ना, की कुणाचं काही ऐकू येत नाही. पुढच्या वेळी तुम्हाला नेते."

तर तिचं पान मला त्या दगडावर ठेवायचं होतं. एखाद्या जिवंत पाखराने त्याला चोच लावायला हवी होती. बाकी काही नको.

सून म्हणाली, "बाबा, तिथं फोन लागत नाही. अस्वलं असतात."

"मग त्यांनाही वाढू," मी म्हणालो.

ती हसली नाही, पण पहाटे उठून सगळं केलं. भात, वरण, खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. श्राद्धाचा स्वयंपाक चाखायचा नसतो, म्हणून सगळा अंदाजाने. केळीचं पान इंडियन स्टोअरमधलं, फ्रीजरमध्ये कडक झालेलं. ते मऊ करून, सुरळी करून फॉइलमध्ये गुंडाळलं. डबे मुलाच्या पाठीवरच्या सॅकमध्ये गेले. श्राद्ध मुलगा करणार होता, म्हणून मी पोटभर उपमा खाल्ला. तो गाडीत स्टीलच्या मगातून काहीतरी पीत होता. मला वाटलं कॉफी.

पायथ्याला आमच्याशिवाय एकच गाडी होती. वाट आधी झाडीतून. ओली, काळी, मुळांनी भरलेली. ती झाडं मला आवडत नाहीत. आभाळ दिसू देत नाहीत. चालताना आम्ही बोललो नाही. तिच्यामागे आम्ही दोघं तसेही फार बोलत नाही. घरात बोलणं तीच आणायची, आम्ही दोन्हीकडून हो-नाही करायचो.

झऱ्यापाशी थांबलो. माझ्या खिशात शेंगदाण्याचे लाडू होते. एक त्याच्यापुढे धरला.

"नंतर," तो म्हणाला.

मग मीच सगळे संपवले.

झाडी संपल्यावर चढ अंगावर आला. तांबडी झालेली झुडपं, मग नुसते दगड. मी काठी टेकत हळूहळू चाललो होतो आणि तरी तो मागे पडत होता. चाळिशी ओलांडलेला, धडधाकट माणूस. थांबायचा, गुडघ्यांवर हात ठेवायचा, परत निघायचा. मला राग आला. तिच्यासाठी एक दिवस नीट चालवत नाही याला.

"जिममध्ये काय टीव्ही बघायला जातोस का रे?"

त्याने सॅक खांद्यावर वर ओढली.

"तुझी आई यापेक्षा भरभर चढली असेल."

"हो," तो म्हणाला. "चढली होती."

वरून एक गोरी म्हातारी दोन काठ्या घेऊन उतरत आली. मुलाशी इंग्रजीत बोलली, माझ्याकडे बघितलं, डोकं हलवलं आणि खाली गेली.

"काय म्हणते?"

"वर ढग उतरलाय. म्हणते परत फिरा." जरा थांबून म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं."

आमच्याकडे हे असं आहे. म्हातारा माणूस, त्यातून बायको गेलेला, त्याला नाही कोण म्हणणार? आणि मी तर कुणी नाही म्हणेल म्हणूनच पुढे पुढे चाललो होतो.

"चल," मी म्हणालो.

पुढे सुट्या दगडांची घसरण होती. ती ओलांडताना ढग जरासा फाटला आणि मुलाने हात केला. "बाबा, तो बघा. तो आईचा दगड." मी बघितला. फोटोतल्यासारखाच, एका बाजूला कलता. हाक मारली तर तिथल्या माणसाला ऐकू गेली असती. मग ढग मिटला आणि बर्फासारखं बारीक काहीतरी पडायला लागलं.

मागे दगड गडगडले. वळून बघतो तर मुलगा नाही. उतारावर खाली, एका धोंड्याला अडकून पडला होता. धोंडा नसता तर कुठे गेला असता ते मी नंतर बघितलं आणि बघितलं नसतं तर बरं झालं असतं.

मी बसत, घसरत त्याच्यापाशी गेलो. पँट फाटलेली, तळहात सोललेले. मोडलं काही नव्हतं. पण तोंड राखेसारखं, अंगाला गार घाम, आणि हात असे थरथरत होते की सॅकचा पट्टा सुटेना. बोलत होता ते जिभेत अडकत होतं.

"सकाळी काय खाल्लंस?"

"काही नाही."

"आणि गाडीत मगातून पीत होतास ते?"

"गरम पाणी." मग म्हणाला, "आजीच्या श्राद्धाला तुम्ही पान ठेवल्याशिवाय काही खायचा नाहीत. मी बघायचो ना."

पुण्यात मी दुपारी बाराला पान ठेवायचो, तेही स्वयंपाकघराच्या खिडकीत. उपाशीपोटी डोंगर चढायला मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि याने मला विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. इथं शिकलेला, इथं नोकरी करणारा, मला वाटायचं याला या गोष्टींचं काही नाही.

"बॅगेत दुसरं काय आहे?"

"एनर्जी बार होते, ते गाडीत राहिले. खायचे नव्हतेच, म्हणून."

मी डबा काढला. त्याने माझा हात धरला. "नको बाबा. आधी आईचं."

"आई मेलीये," मी म्हणालो. "तोंड उघड."

मी भातावर वरण ओतलं, कालवलं, घास केला. बोटं गारठली होती, निम्मा भात त्याच्या जॅकेटवर सांडला. पहिला घास त्याने कसाबसा गिळला. मग खीर दिली. मग परत भात. तो लहान असताना हे काम मी कधी केलं नव्हतं, मला घास धड करताही येत नव्हता.

थोड्या वेळाने थरथर कमी झाली. म्हणाला, "वरणाला मीठ नाहीये."

"चाखत नाहीत," मी म्हणालो.

"तुम्ही जाऊन या वर. मी बसतो इथं. लांब नाहीये."

लांब नव्हताच. पण वर सगळं पांढरं होतं. आणि डब्यात उरलेलं आता उष्टं होतं, ते मेलेल्या माणसाला वाढत नाहीत. वड्यांचा डबा तेवढा बंद होता. त्याकडे मी बघितलं. मग तोही उघडला आणि वडा त्याच्या हातात दिला.

तेवढ्यात एक पाखरू आलं. राखाडी, साळुंकीपेक्षा जरा मोठं, माणसाला न भिणारं. ते मुलाच्या बुटावर येऊन बसलं. मान वाकडी करून वड्याकडे बघायला लागलं. एक उडी मारून गुडघ्यावर आलं. मुलगा जागचा हलला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं आणि वडा पुढे केला.

मी काठी उगारली. "हाड."

ते उडून ढगात गेलं. पोराचं अजून खाऊन झालं नव्हतं.

उतरायला फार वेळ लागला. तो माझ्या खांद्याला धरून, मी काठीला. झाडीत अंधारून आलं होतं. केळीचं पान फॉइलमध्ये तसंच गुंडाळलेलं परत आलं. गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "पुढच्या वर्षी जाऊ." पुढच्या वर्षी माझे पाय असतील की नाही कोण जाणे, आणि वर्षश्राद्ध काही दोनदा येत नाही.

घरी सुनेने त्याचे हात धुतले, पट्ट्या लावल्या. मग मला हळूच विचारलं, "बाबा, पक्षी शिवला का?"

"आला होता," मी म्हणालो. "मी हाकलला."

ती माझ्याकडे बघत राहिली. वरणात मीठ नव्हतं, एवढं तिला सांगितलं आणि खोलीत जाऊन पडलो.